लाखातले तीन : घन पदार्थांचा एनएमआर आणि प्रोबची रचना

एमआरआय ही तपासणी आता आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. रुग्णाला एका मोठ्या चुंबकाच्या पोकळीत सरकवतात, रेडिओलहरींचे स्पंद सोडतात आणि शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणाऱ्या उत्तरावरून आतले चित्र तयार करतात. याच तत्त्वाचा वापर रसायनशास्त्रज्ञ गेली पाऊणशे वर्षे एका वेगळ्या कामासाठी करत आहेत. ते चित्र काढत नाहीत. रेणूमध्ये कोणता अणू कोणाच्या शेजारी आहे, हे ते या उत्तरावरून ओळखतात. या पद्धतीचे पूर्ण नाव अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. आपण तिला सोयीसाठी एनएमआर म्हणू.

१९४५-४६ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड पर्सेल आणि फेलिक्स ब्लॉक यांच्या गटांनी एनएमआरचा संकेत स्वतंत्रपणे पकडला. त्याबद्दल दोघांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पर्सेल यांच्या प्रयोगातील नमुना होता पॅराफिन, म्हणजे मेण. पुढे १९५१ साली अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी दाखवून दिले की इथिल अल्कोहोलमधील तीन प्रकारचे हायड्रोजन तीन वेगवेगळ्या वारंवारतांवर उत्तर देतात. यांपैकी एस. एस. धर्मट्टी नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तेथे एनएमआरचे संशोधन उभे केले.

एनएमआरची प्रयोगशाळा पाहायला गेलो, तर नजर भरते ती चुंबकाच्या उंच पिंपाने. पण ज्या भागात नमुना ठेवतात आणि जेथे अणुकेंद्रांचा आवाज प्रत्यक्ष ऐकला जातो, तो भाग त्या पिंपाच्या पोटात दडलेला असतो. त्याला प्रोब म्हणतात. घन पदार्थांसाठी, विशेषतः अतिशय क्षीण संकेत वाढवून घेण्यासाठी, प्रोब कसा रचतात आणि ते इतके अवघड का असते, हे या लेखात आपण पाहू.

संकेत इतका क्षीण का?

हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे प्रोटॉन. हा एक अतिशय लहान चुंबक आहे असे समजू. बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रात त्याला दोनच अवस्था उपलब्ध असतात : क्षेत्राच्या दिशेने किंवा क्षेत्राच्या विरुद्ध. पहिल्या अवस्थेची ऊर्जा किंचित कमी असते, म्हणून तिच्यात थोडे जास्त प्रोटॉन असतात. विरुद्ध दिशांचे प्रोटॉन एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात आणि संकेत मिळतो तो फक्त या जादा प्रोटॉनांचा.

हे जादा प्रोटॉन किती असतात? ९.४ टेस्लाच्या चुंबकात प्रोटॉनची वारंवारता ४०० मेगाहर्ट्झ असते. खोलीच्या तापमानाला तेथे दर एक लाख प्रोटॉनांमागे जादा प्रोटॉन निघतात सुमारे तीन! उरलेले जवळजवळ एक लाख प्रोटॉन मोजणीच्या दृष्टीने नसल्यासारखेच. कार्बनची स्थिती याहून बिकट आहे. नेहमीच्या कार्बन-१२ चे अणुकेंद्र चुंबकासारखे वागतच नाही. कार्बन-१३ वागते, पण त्याचे निसर्गातील प्रमाण १.१ टक्का आणि त्याचे चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे पाव.

संकेत क्षीण असेल तर एक सरळ उपाय आहे : प्रयोग पुन्हा पुन्हा करायचा आणि बेरीज घ्यायची. दर वेळी संकेत त्याच जागी येतो, म्हणून तो संख्येच्या प्रमाणात वाढतो. गोंगाट मात्र कधी वर, कधी खाली असतो. तो संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १०० वेळा मोजले तर संकेत १०० पट, गोंगाट १० पट, म्हणजे निव्वळ फायदा १० पट. हेच उलटे वाचू. मूळ संकेतच १०० पट मोठा करता आला, तर लागणारा वेळ १०० पटींनी नव्हे, १०,००० पटींनी कमी होईल. १०,००० तास म्हणजे एक वर्ष आणि वर सुमारे पन्नास दिवस. एवढे काम एका तासात! संकेत वाढवण्याची धडपड कशासाठी, ते या आकड्यावरून ध्यानात येईल.

घनाचा कोन

द्रवातील रेणू सतत गडगडत असतात. त्यामुळे चुंबकीय क्षेत्राशी असलेल्या त्यांच्या दिशेचा परिणाम सरासरीने नाहीसा होतो आणि वर्णपटात बारीक, टोकदार रेषा मिळतात. घन पदार्थात रेणू जागच्या जागी जखडलेले असतात. चूर्णातील प्रत्येक कण वेगळ्या दिशेला तोंड करून बसलेला, म्हणून प्रत्येकाचे उत्तर वेगळ्या वारंवारतेवर. साऱ्या रेषा पसरतात, एकमेकींत मिसळतात आणि वर्णपटाचा एक रुंद डोंगर होतो.

यावरचा उपाय १९५८-५९ मध्ये वेल्समधील बँगोर येथे रेमंड अँड्र्यू यांच्या गटाने आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत आय. जे. लोव यांनी दाखवला. नमुना एका विशिष्ट कोनात तिरपा धरून वेगाने फिरवायचा. हा कोन ५४.७४ अंशांचा असतो. त्याला ‘जादूचा कोन’ असे नाव पडले असले, तरी त्यात जादू काही नाही. दिशेचा परिणाम दाखवणाऱ्या सूत्रात ‘कोसाइनचा वर्ग गुणिले तीन, वजा एक’ असा एक अवयव असतो. ज्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग एक तृतीयांश, त्या कोनाला हा अवयव शून्य होतो.

हा कोन वर्गात सहज दाखवता येतो. पुठ्ठ्याचा घन घ्या. खालच्या एका कोपऱ्यातून आत शिरून समोरच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर येईल अशी विणकामाची सुई त्यातून ओवा. सुई आणि घनाची उभी कड यांच्यातला कोन म्हणजेच जादूचा कोन. उभी कड ही चुंबकीय क्षेत्राची दिशा समजा आणि सुई हा नमुन्याच्या फिरण्याचा अक्ष. घन एका बाजूच्या तीन दिशांना सारखेच मानतो, म्हणून हा कोन घनाच्या कर्णात सापडतो.

प्रोबच्या आत

आता प्रोबमध्ये शिरू. नमुन्याचे चूर्ण एका लहानशा नळीत ठासून भरतात. ही नळी म्हणजे रोटर. तो झिर्कोनियासारख्या कठीण सिरॅमिकचा असतो आणि त्याचा बाहेरचा व्यास बहुधा ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. एका टोकाच्या टोपीवर पंख्यासारखी बारीक पाती असतात. दाबाखालील वायूचा एक झोत या पात्यांवर आदळून रोटर फिरवतो. दुसरा वायू रोटरभोवती पातळ थर करून त्याला अधांतरी तोलून धरतो. फिरताना रोटर कशालाही टेकत नाही. टेकला तर फुटतो आणि शेजारच्या नाजूक तारांचे नुकसान करतो.

३.२ मिलिमीटरचा रोटर सेकंदाला २४,००० फेरे घेऊ शकतो, म्हणजे मिनिटाला १४ लाख ४० हजार. त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे २४० मीटर होतो आणि तेथील केंद्रगामी त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ३७ लाख पट! रोटरची भिंत कशाची आणि किती जाड करायची हा प्रश्न म्हणूनच पहिल्या दिवसापासून उभा असतो. भिंत जाड केली तर मजबुती मिळते, पण नमुन्याची जागा जाते.

रोटरभोवती तांब्याच्या तारेचे काही वेढ्यांचे वेटोळे असते. स्पंद सोडण्याचे आणि संकेत पकडण्याचे अशी दोन्ही कामे तेच करते. जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये आपण बटण फिरवून कंडेन्सरची धारिता बदलतो आणि स्थानक लावतो. प्रोबमध्येही वेटोळे आणि कंडेन्सर यांची जोडी तशीच जुळवावी लागते. फरक इतकाच की येथे एकच वेटोळे एकाच वेळी अनेक स्थानकांवर लावायचे असते : प्रोटॉनसाठी ४०० मेगाहर्ट्झ, कार्बन-१३ साठी सुमारे १००, नायट्रोजन-१५ साठी सुमारे ४०. शिवाय एका स्थानकावर सोडलेली शेकडो वॉटची शक्ती दुसऱ्या स्थानकाच्या नाजूक ग्राहकात शिरता कामा नये.

वेटोळे नमुन्याच्या जितके जवळ, तितका संकेत चांगला. वेटोळे लहान केले तर दर मिलिग्रॅममागे मिळणारा संकेत वाढतो, पण नमुना कमी मावतो. वेटोळ्याचा विद्युतरोध जितका कमी, तितका गोंगाट कमी. एवढी सारी मांडणी चुंबकाच्या पोकळीत बसवायची. ही पोकळी ‘रुंद’ म्हणवणाऱ्या चुंबकातही ८९ मिलिमीटरचीच असते.

इलेक्ट्रॉनची उसनवारी

लाखातल्या तिनांचे प्रमाण वाढवायचे कसे? तापमान उतरवणे हा एक मार्ग. १०० केल्व्हिनला, म्हणजे उणे १७३ अंश सेल्सिअसला, लाखातले तीन जवळजवळ दहा होतात. पण याहून मोठा साठा जवळच आहे. इलेक्ट्रॉनही चुंबकच आहे आणि तो प्रोटॉनपेक्षा ६५८ पट प्रबळ आहे. १०० केल्व्हिनला ९.४ टेस्लाच्या क्षेत्रात एकेकट्या इलेक्ट्रॉनांमध्ये लाखामागे सुमारे ६,३०० जादा असतात. ही श्रीमंती प्रोटॉनांना वाटून देता आली तर?

असे करता येईल हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट ओव्हरहाउझर यांनी १९५३ साली सांगितले. त्याच वर्षी कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी लिथियम धातूवर ते प्रयोगाने सिद्ध केले. पद्धत अशी : नमुन्यात एकेकटा इलेक्ट्रॉन असलेले रेणू, म्हणजे मुक्त मूलके, थोड्या प्रमाणात मिसळायची. इलेक्ट्रॉनच्या वारंवारतेच्या जवळपासचे सूक्ष्मतरंग सोडायचे. इलेक्ट्रॉनांची शिस्त मग शेजारच्या प्रोटॉनांना लागते, ते ती पुढच्या प्रोटॉनांना देतात आणि शेवटी ती कार्बनकडे वळवता येते. जैविक नमुन्यांसाठी बहुधा ग्लिसरॉल आणि पाणी यांच्या मिश्रणात मूलके विरघळवतात. हे मिश्रण गोठताना स्फटिक न होता काचेसारखे घट्ट होते, म्हणून मूलके एका जागी गोळा होत नाहीत.

अडचण होती सूक्ष्मतरंगांची. ९.४ टेस्लाला इलेक्ट्रॉनची वारंवारता २६३ गिगाहर्ट्झ. इतक्या उच्च वारंवारतेवर पुरेशी शक्ती देणारा स्रोत सहज मिळत नव्हता. १९९३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रॉबर्ट ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जायरोट्रॉन या निर्वात नळीतून १४० गिगाहर्ट्झचे तरंग घेऊन हा प्रयोग करून दाखवला. २००६ साली दोन मूलके एकमेकांना बांधलेला, याच कामासाठी घडवलेला ‘टोटापोल’ नावाचा रेणू त्यांच्या गटाने वापरात आणला. त्यानंतर या पद्धतीचा प्रसार वेगाने झाला.

एकाला द्यावे तर दुसरा रुसतो

खरी कसोटी सुरू होते ती आता. प्रोबला अगोदरच दोन कामे होती : नमुना फिरवणे आणि त्याचा संकेत ऐकणे. त्यांत दोन नव्या कामांची भर पडली : नमुना गोठवणे आणि त्यावर सूक्ष्मतरंग टाकणे. ही चारही कामे एकमेकांच्या आड येतात.

पहिला झगडा तरंग आणि वेटोळे यांचा. २६३ गिगाहर्ट्झच्या तरंगांची लांबी १.१४ मिलिमीटर. वेटोळ्याच्या वेढ्यांमधली फटही साधारण याच मापाची. तरंगांना नमुन्यापर्यंत पोहोचायचे तर या तांब्याच्या गजांमधूनच वाट काढावी लागते. काही तरंग परततात, काही विखुरतात आणि आत कोठे जास्त, कोठे कमी अशी शक्ती पोहोचते. वेढे दूर दूर घ्यावेत, तर तरंगांना वाट मिळते पण रेडिओलहरींचे क्षेत्र विरळ होते. रोटरची भिंतही आड येते. झिर्कोनिया बरेच तरंग परतवते, म्हणून पुष्कळ ठिकाणी नीलमाचे, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या स्फटिकाचे, रोटर वापरतात. नीलम तरंगांना अधिक पारदर्शक असतो आणि उष्णताही लवकर वाहून नेतो. जायरोट्रॉनपासून प्रोबपर्यंत तरंग आणणारी नळीही साधी चालत नाही. तिच्या आतल्या बाजूला तरंगलांबीच्या पाव भागाइतक्या, म्हणजे पाव मिलिमीटरहून थोड्याच जास्त खोल खाचा कोरतात. त्यामुळे तरंगांची शक्ती भिंतीत फारशी वाया जात नाही.

दुसरा झगडा थंडी आणि वेग यांचा. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात, तोच नायट्रोजन येथेही थंडावा देतो. त्याच्या साहाय्याने गार केलेला नायट्रोजन वायू रोटर फिरवतो, तोलतो आणि थंडही ठेवतो. पण रोटरच्या पृष्ठभागाचा वेग वायूतील ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागला की वायूचा जोर चालेनासा होतो. नायट्रोजनमधील ध्वनीचा वेग खोलीच्या तापमानाला सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो. १०० केल्व्हिनला तो सुमारे २०० मीटरवर येतो. म्हणजे आपला २४० मीटरचा रोटर थंडीत तेवढ्या वेगाने फिरूच शकत नाही. आणि ७७ केल्व्हिनला तर नायट्रोजनचा द्रवच होतो.

मग हेलियम का वापरू नये? हेलियम हलका आहे. १०० केल्व्हिनलाही त्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला ५८० मीटरच्या वर असतो आणि त्याहून कितीतरी खाली उतरले तरी तो वायूच राहतो. जपानमधील ओसाका आणि फ्रान्समधील ग्रेनोबल येथील संशोधकांनी हेलियमवर रोटर फिरवून नायट्रोजनच्या मर्यादेखाली प्रयोग केले आहेत. पण येथे तिसरा झगडा उभा राहतो. हेलियममध्ये विद्युत ठिणगी फार लवकर पडते. वेटोळ्यावर स्पंदाच्या वेळी हजारो व्होल्ट येतात. नायट्रोजनमध्ये जे निभावते ते हेलियममध्ये निभावत नाही. शिवाय हेलियम महाग आणि दुर्मीळ. तो वाया न घालवता पुन्हा गार करून फिरवत ठेवण्याची यंत्रणा उभारावी लागते.

चौथा झगडा थंडी आणि जुळणी यांचा. थंडीत धातू आकसतात, कंडेन्सरची धारिता बदलते, जुळवलेले स्थानक सरकते. यावर एक उपाय म्हणजे जुळणीचे सारे भाग थंड कक्षाच्या बाहेर, खोलीच्या तापमानाला ठेवायचे आणि एका दांड्यासारख्या संवाहकाने वेटोळ्याशी जोडायचे. जुळणी स्थिर राहते, पण त्या लांबीत काही संकेत गळतो. नमुन्याचा कोनही थंडीत किंचित ढळतो. तो पोटॅशियम ब्रोमाइडच्या चूर्णाचा संकेत पाहत पुन्हा साधावा लागतो. त्यातच दमट हवेचा थोडा शिरकाव झाला तरी बर्फ धरते, म्हणून थंड वायूच्या नळ्यांना थर्मासप्रमाणे निर्वात कवच द्यावे लागते.

किती पट वाढले, हे कसे मोजावे?

इतके करून पदरात काय पडते? याचे उत्तर बहुधा एका आकड्याने देतात : सूक्ष्मतरंग चालू असतानाचा संकेत भागिले बंद असतानाचा संकेत. सिद्धांतानुसार हा आकडा ६५८ पर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षात काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत तो आढळतो. पण नुसत्या या आकड्यावर विसंबता येत नाही, आणि आमच्या मते साऱ्या विषयातला हाच भाग विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा.

एखाद्या खासगी क्लासने सुरुवातीची चाचणी मुद्दाम अवघड घेतली, तर शेवटी गुण दुप्पट झाल्याची जाहिरात करता येते. शिकवणे मात्र तेवढे सुधारलेले नसते. येथेही तसेच घडू शकते. मूलकांच्या अगदी जवळच्या अणुकेंद्रांचा संकेत नाहीसाच होतो. शिवाय काही मूलकांच्या बाबतीत, तरंग बंद असताना नुसता रोटर फिरवला तरी प्रोटॉनांची मूळची शिल्लकही घटते. भागाकारातला छेद असा लहान झाला की उत्तर फुगते. रोटरमधली बरीच जागा ग्लिसरॉलच्या मिश्रणाने व्यापलेली असते आणि थंडीत काही रेषा रुंदही होतात. जमेच्या बाजूलाही नोंदी आहेत : थंडीमुळे मिळालेली तिप्पट शिल्लक वेगळीच, आणि मूलकांमुळे दोन मोजण्यांमध्ये कमी वेळ थांबावे लागते. म्हणून विचारायचा प्रश्न असा : त्याच पदार्थाचा, तेवढ्याच स्पष्टतेचा वर्णपट साध्या प्रोबवर किती वेळात मिळाला असता आणि येथे किती वेळात मिळाला? प्रोब रचणाऱ्याने तरंगांचा रस्ता सुधारताना वेटोळे बिघडवले, तर पहिला आकडा वाढेल पण हे उत्तर सुधारणार नाही.

या हिशोबातही पद्धत टिकते, म्हणूनच ती वापरात आहे. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे प्रथिन प्रकाशाच्या साहाय्याने प्रोटॉन पेशीबाहेर ढकलते. या क्रियेतील क्षणभर टिकणाऱ्या अवस्था थंडीत गोठवून एमआयटीच्या गटाने २००९ साली २५० गिगाहर्ट्झच्या साहाय्याने वेगवेगळ्या ओळखल्या. थंडी ही एरवीची अडचण, पण येथे तीच उपयोगी पडली. २०१० साली फ्रान्समधील ल्यों येथील संशोधकांनी सच्छिद्र सिलिकाच्या केवळ पृष्ठभागावरील रेणूंचे वर्णपट याच मार्गाने मिळवले. उत्प्रेरकाचे काम पृष्ठभागावरच चालते आणि तेथील अणूंची संख्या एकूण पदार्थाच्या मानाने फारच थोडी असते. त्यांचा आवाज एरवी ऐकूच येत नाही.

वर्गात करून पाहा

रोटरचा व्यास आणि वेग देऊन विद्यार्थ्यांना पृष्ठभागाचा वेग काढायला सांगा : ४ मिलिमीटर व सेकंदाला १५,००० फेरे, ३.२ मिलिमीटर व २४,०००; १.३ मिलिमीटर व ६७,०००, ०.७ मिलिमीटर व १,११,०००. उत्तरे सेकंदाला सुमारे १८८, २४१, २७४ आणि २४४ मीटर येतील. व्यास जवळजवळ सहा पटींनी बदलला, फेरे सात पटींनी बदलले, तरी पृष्ठभागाचा वेग एकाच पट्ट्यात का राहिला? आणि हेच चार रोटर १०० केल्व्हिनच्या नायट्रोजनमध्ये फिरवायचे झाले, तर प्रत्येकाचे फेरे कितीवर थांबवावे लागतील? ध्वनीच्या वेगाचे आकडे वर दिलेच आहेत. बाकीचे गणित आठवी-नववीतल्या विद्यार्थ्यांनाही जमण्यासारखे आहे.